समाधानकारक भांडण

सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून, खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्या विधवेला तिच्या म्हशीवरून टोचून बोलणारा कारकून मी आयुष्यात एकच पाहिला. सरकार त्यांना याचा पगार देत होतं असं नाही. पगार पेन्शनच्या टेबलावर बसण्याचा होता, भांडण ते पदरचं करत.

नागपूरच्या सरकारी खजिन्यात मी लागलो तेव्हा त्यांची नोकरी संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. लढाई संपून पंधराएक वर्षं झाली होती. म्हणजे पहिली लढाई. दुसरीही येणार आहे हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. त्या लढाईत आमच्याकडचे जे शिपाई बसऱ्याला की कुठे गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्या बायकांना सरकार थोडीशी पेन्शन देई. ती मनीऑर्डरनं गावी जाई, पण वर्षातून एकदा, माघ महिन्याच्या सुमारास, त्या बाईनं स्वतः खजिन्यात येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, असा नियम होता. याला आम्ही हजेरी म्हणत असू. बाई आली नाही, किंवा आलेली बाई ती नव्हेच असं ठरलं, की मनीऑर्डर बंद. नियम इतका साधा होता की त्याच्यावर कचेरीबाहेरच्या चिंचेखाली एका माणसाचं दुकान छान चालत होतं.

हा माणूस अर्जनवीस होता. लोकांना अर्ज लिहून देणं हा त्याचा उघड धंदा, आणि खोट्या विधवा पुरवणं हा खरा. खेड्यातल्या एखाद्या बाईचे कागद तो सांभाळायला म्हणून घेई, हजेरीला तिच्या जागी दुसरीच बाई उभी करी, मनीऑर्डरचा पत्ता बदलून घेई, आणि खऱ्या बाईला सांगे की सरकारनं पिनशन बंद केलं. ती बिचारी सरकारला दोन शिव्या देऊन दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाई. तिच्या बाजूनं तालुक्याला जाऊन चार शब्द बोलणारं घरात कोणी असतं, तर तिच्यावर ही पाळीच आली नसती.

आता तुम्ही म्हणाल, सरकारकडे ओळख पटवायला काही असेल की नाही. होतं ना. प्रत्येकीच्या कागदावर खुणा लिहिलेल्या होत्या. डाव्या गालावर तीळ, म्हणून लिहिलेलं असे. अर्जनवीस बिब्ब्याच्या तेलानं तसाच तीळ अर्ध्या तासात उमटवून देई. हातावर गोंदण असेल तर गोंदणारीण चिंचेखाली बसलेलीच असायची. राहिला अंगठा. ज्या बाईचा जन्म कापूस वेचण्यात आणि भांडी घासण्यात गेला, तिच्या अंगठ्यावर रेघा उरतात कुठे? कागदावर नुसता काळा डाग उमटायचा, आणि सगळ्या नागपूर जिल्ह्याचा डाग एकच होता.

या सगळ्यावर आमच्या या बाबूंनी काढलेला उपाय म्हणजे भांडण.

ते दिसायला असे होते की भांडण या शब्दाशी त्यांचा संबंध कोणी जोडला नसता. किडकिडीत, वाकलेले, वर बंद गळ्याचा कोट. कोटाच्या खिशात कायम एक कांदा. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून नागपुरात सगळेच कांदा बाळगतात. हे थंडीतही बाळगत. विचारलं तर म्हणत, "ऊन काय सांगून येतं?" महालातल्या ज्या गल्लीत ते राहत, तिथली भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहून वांग्यांचा भाव वाढवी, आणि हे निमूट देत. टांगेवाल्यानं महालाऐवजी चुकून सक्करदऱ्याला नेऊन सोडलं तर खाली उतरून त्याचे आभार मानत आणि चालत घरी येत. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी एकटीच भांडते आहे हो. समोरून काही येतच नाही. माणसानं भांडावं तरी किती?"

पण हजेरीचा महिना आला की हाच माणूस खिडकीशी बसून बाह्या सरसावी.

"काय वं," ते सावनेरकडच्या एका म्हातारीला म्हणत, "तुझी म्हैस मेली म्हणे."

"कोण म्हणते मेली?"

"ऐकलं आपलं. तशीही भाकडच होती ना ती."

झालं. म्हातारी खिडकीचे गज धरून सांगायला लागे, की भाकड असन तुह्या बापाची, माही म्हैस आजबी दोन येळा धार देते, आणि तुम्ही शहरातले पाणी पिऊन राहिले दूध म्हणून. हे शांतपणे आणखी एक काडी टाकत. पाच मिनिटांत व्हरांड्यात गर्दी जमे. मग हे एकदम दौत पुढे ओढत आणि म्हणत, "हयात आहे. लावा अंगठा." म्हातारी अंगठा लावे आणि पुढच्या वर्षी म्हशीचं दूध आणून दाखवीन म्हणून दम देऊन जाई.

त्यांचा सिद्धान्त त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितला होता. "अहो, मेलेलं माणूस भांडत नाही, आणि खोटं माणूस मान हलवतं. खोट्या बाईला शिकवून पाठवलेलं असतं, की बाबू म्हणेल त्याला हो म्हण. तिला ती म्हैस कधी माहीतच नसते, मग तिचा राग कुठून यायचा? तीळ लावता येतो. राग लावून दाखवा."

खोटीला ते असंच पकडत. तिला ते अगदी गोड बोलत. "बाई, तुझ्या सासऱ्यानं दारूपायी शेत विकलं, नाही का?" ती म्हणे, हो बाबू. "आणि तुझा नवरा कामचोर होता." हो बाबू. "आणि तू स्वतः भाजी खारट करतेस." हो बाबू. इथे ते लेखणी खाली ठेवत. स्वतःच्या भाजीला खारट म्हटल्यावर हो म्हणणारी बाई जगात नाही, असं त्यांचं मत होतं, आणि घरी विचारून पाहिल्यावर मलाही ते पटलं.

कोणती बाई कशानं पेटते हे त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. "सावनेरची: म्हैस. जावयाचं नाव काढू नये, रडते." "अमकी: धाकटी जाऊ. हळू सुरू होते, मग आवरत नाही." प्रत्येकीच्या नावापुढे अशी एखादी ओळ. मी ती वही चाळली तेव्हा हसून पुरेवाट झाली. पुढे लक्षात आलं की या बायांबद्दल इतकं कोणी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं.

त्या वहीत भिवापूरच्या एका म्हातारीचं पान सगळ्यात मोठं होतं. ती म्हणजे त्यांच्या हजेरीतली पहिल्या नंबरची. मूल-बाळ नाही, दीर-पुतणे विचारत नाहीत, वर्षाचे दिवस ती एका व्यापाऱ्याच्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडून काढी. दर वर्षी हे म्हणत, "भिवापूरची मिरची आता गोड लागायला लागली म्हणतात." दर वर्षी ती कमरेची पुरचुंडी सोडून एक लाल मिरची गजांतून आत सरकवी आणि म्हणे, "खा. खाऊन मंग बोल." आणि हे खरंच खात. कानापर्यंत लाल होत, कोटाच्या बाहीनं डोळे पुसत, आणि नाक ओढत म्हणत, "गोडच आहे." मग जे सुरू होई ते ऐकायला शेजारच्या खात्यातले लोक काम टाकून येत. ती भांडून दमली की पायऱ्यांवर बसून भाकरी खाई, आणि जाताना खिडकीशी येऊन सांगे, "येतो बाबू. पुढच्या साली याहून तिखट आणतो." मला तिचं फार कौतुक वाटे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग साहेब बदलले.

नवे साहेब जबलपूरकडचे, तरुण, हुशार आणि फार चांगले. वाईट माणूस असता तर त्यानं भांडण बंद केलं असतं आणि आम्ही ते चोरून केलं असतं. हे साहेब पहिल्या आठवड्यात खिडकीमागे येऊन उभे राहिले तेव्हा सावनेरची म्हैस चालू होती.

"बड़े बाबू, यह भैंस का क्या मामला है?"

बाबूंनी उभं राहून लेखी खुलासा दिला. तो मी स्वतः नकलून काढला म्हणून आठवतो: "सदर स्त्रीशी तिच्या म्हशीबाबत वाद घातला. स्त्री समाधानकारक चिडली. सबब हयात आहे." साहेबांनी तो दोनदा वाचला. साहेब म्हणाले, "बहुत अच्छा तरीका है. इसको बाकायदा होना चाहिए."

आणि झालं बाकायदा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. माझं अक्षर चांगलं, म्हणून तक्ता आखायचं काम माझ्याकडे आलं. पेन्शनधारक स्त्रीचं नाव. वादाचा विषय. वाद कोणी सुरू केला. स्त्री चिडली काय. शेरा, समाधानकारक किंवा असमाधानकारक. खाली दोघा कर्मचाऱ्यांच्या सह्या. शेरा असमाधानकारक पडला तर पेन्शन तहकूब, आणि पुन्हा समाधानकारक तक्ता भरून येईपर्यंत ती सुटायची नाही. लाल शाईच्या रेघा मी इतक्या सरळ मारल्या की साहेबांनी शाबासकी दिली. मला ती आवडली, हे आज कबूल करतो. बाबू तेवढे म्हणाले, "अहो, हे लिहिण्यासारखं नाही हो." पण साहेबांपुढे त्यांची मान आपोआप हलली. त्यांच्या स्वभावात दुसरं काही नव्हतंच.

पुढच्या माघात हजेरी सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी मला वाटलं, आपण वेडे झालो की काय. ज्या बायांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं त्या खिडकीशी येता येताच ओरडत होत्या. बाबूंनी तोंड उघडायच्या आत एकीनं पदर खोचून त्यांच्या सात पिढ्या काढल्या. विषय काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "विषय कायचा पाह्यजे?" आणि ज्या जुन्या होत्या, ओळखीच्या, त्या डोक्यावरून पदर घेऊन येत आणि गपगार उभ्या राहत. म्हैस मेली म्हटलं तर सावनेरची म्हातारी म्हणाली, "देवाची मर्जी, बाबू." तिला चिडवायला त्यांना अर्धा तास लागला.

दुपारी पान खायला म्हणून मी बाहेर गेलो तर चिंचेखाली तीन बाया एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या आणि अर्जनवीस बाजूला उभा राहून सांगत होता, "थोडं जोरात. हात वर. आता नवऱ्यावर जा." मी धावत येऊन साहेबांना सांगितलं. साहेब खिडकीतून बराच वेळ पाहत राहिले आणि समाधानानं म्हणाले, "देखिए, लोग तैयारी करके आने लगे हैं."

त्याच दिवशी भिवापूरची आली.

साहेब त्या वेळी बाबूंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि मी तक्ता पुढे घेऊन. तिच्या कमरेला पुरचुंडी नव्हती. बाबू म्हणाले, "काय वं, भिवापूरची मिरची गोड झाली म्हणतात."

"हो बाबू."

"गोड म्हणजे अगदी गुळासारखी."

"असन बाबू."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्या वहीतलं पानच्या पान तिच्यापुढे रिकामं केलं. मिरची, व्यापारी, पुतणे, तिच्या गावची जत्रा. त्यांचा आवाज चढत गेला आणि शेवटी शेवटी तर ते विनवणी करत होते. ती माझ्या हातातल्या टाकाकडे पाहत होती आणि मान हलवत होती. साहेब म्हणाले, "लिखिए." बाबू म्हणाले, "साहेब, हीच ती आहे. मी ओळखतो." साहेब म्हणाले, "बड़े बाबू, तरीका तो आप ही का है." मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, असमाधानकारक. ती अंगठा न लावता पायऱ्या उतरून गेली.

तीन महिने तिची मनीऑर्डर गेली नाही. मग एका रविवारी सकाळी बाबू माझ्या दाराशी आले, कोट घातलेला, खिशात कांदा. "कोरा तक्ता घ्या," म्हणाले. "भिवापूरला जाऊ. तिला भांडायला लावू, दोघं सह्या करू. खोटं लिहायचं नाही. इतक्या वर्षांत मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही." इतवारी स्टेशनातून छोट्या रुळांची गाडी निघाली ती रमत-गमत भिवापूरला पोचेपर्यंत ते वही उघडून पाठ करत बसले होते.

ती व्यापाऱ्याच्या अंगणातच सापडली. अंगणभर मिरच्या वाळत घातलेल्या, त्यामुळे आम्ही आत शिरलो ते शिंकतच. सरकारी कोट पाहून ती लगबगीनं उठली आणि हात जोडून उभी राहिली. वाळून अर्धी झाली होती.

"मिरची गोड झाली म्हणतात," बाबू शिंका आवरत म्हणाले.

"हो बाबू."

"तुझ्या नवऱ्याला बंदूक धरता येत नव्हती म्हणे."

मला वाटलं आता पेटेल. तिनं नुसता ओठ चावला. "नसन येत, बाबू."

मी एका पोत्यावर बसून गुडघ्यावर तक्ता ठेवला होता. पहिल्या रकान्यात तिचं नाव लिहायला घेतलं, तेवढ्यात बाबूंची नजर तिच्या नजरेमागून माझ्या हाताकडे आली. मग म्हणाले, "ते आत ठेवा."

मी तक्ता घडी करून खिशात घातला. ते तिच्यासमोर जमिनीवर, मिरच्यांच्या कडेला, कोटासकट बसले. "बाई," ते म्हणाले, "तुझी पेन्शन माझ्यामुळे बंद झाली. चूक माझी आहे."

मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हा बाबू कागद घेऊन बसला होता. मी तोंड उघडलं का हा लेहणार. माया घरी जेवढे कागद आले त्याइनं काही ना काही नेलंच. एक कागद आला, नवरा घेऊन गेला. दुसरा आला, त्याच्यात थो मेला म्हणून होतं. मंग मी काहून बोलू? भांडून राहिलं माणूस तं कोणी लेहते का?"

"नाही लेहत," बाबू म्हणाले. "माझं चुकलं."

"चुकलं म्हणते." तिचा आवाज इथे पहिल्यांदा वर गेला. "तीन महिने झाले. शेळी होती, थे इकली. गावातल्या वाण्याच्या दारात मी उधारीले दोन डाव गेली, त्यानं मले उभं नाई केलं. आन तुमी इथं येऊन मले मिरचीचं इच्यारून राहिले? साल-साल मी कोणाशी बोलत नाई, बाबू. या गावात मले कोण बोलावते? मी सालभर पाहून ठेवो, का यंदा बाबूले काय-काय म्हणाचं. आन तुमी मले उभं करून ठेवलं सायबापुढे, चोरावानी."

"तू तरी एक शब्द बोलायचं होतंस."

"तुमी तरी कागद फेकाचा होता."

तासभर चाललं. शेजारच्या बाया मिरच्यांचं काम सोडून जमल्या. ती बाबूंना, सरकारला, लढाईला आणि मला असं एकेक घेत गेली, आणि बाबू मधूनमधून उत्तर देत गेले, खरंखुरं, वहीत नसलेलं. शेवटी तिनं समोरच्या ढिगातली एक मिरची उचलून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती देठासकट खाल्ली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही वाहत होतं, आणि मी काही मिरची खाल्ली नव्हती. अंगणातली हवाच तशी होती असं म्हणता येईल, पण ते खरं नाही.

परतीच्या गाडीत मी तक्ता बाहेर काढला. "काय लिहू? झालं की भांडण. अगदी समाधानकारक."

"काही लिहायचं नाही," ते म्हणाले. "ती माझ्याशी बोलली. सरकारशी नाही."

"मग पेन्शन कशी सुटेल?"

खिशातला कांदा हातात घेऊन ते खिडकीबाहेर पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, भिवापूरची पेन्शन सोडा. साहेबांनी हात पुढे केला, "फॉर्म?" बाबू म्हणाले, फॉर्म नहीं है. तो फिर कैसे, म्हणून साहेब हसले. आणि त्या हसण्यानं काय झालं देव जाणे, ज्या माणसानं टांगेवाल्याला कधी अरे म्हटलं नव्हतं तो साहेबांच्या टेबलावर हात आपटून बोलायला लागला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. माणूस ओळखायला माणूस लागतो, रकाना लागत नाही. खोट्या बाया चिंचेखाली शिकून आल्या आणि आम्ही त्यांना पास केलं, खरी होती ती घाबरली म्हणून तिच्या तोंडचा घास काढला. हे कुठल्या कायद्यात बसतं? "मैं कहता हूँ वो जिंदा है. मेरे कहने पर भरोसा नहीं तो मुझे भी मरा हुआ लिख दो." सगळी कचेरी दारात उभी होती. साहेब दोनदा म्हणाले, "आप चिल्ला क्यों रहे हैं?" आणि बाबू दोन्ही वेळा आणखी मोठ्यानं म्हणाले, "क्योंकि आप सुन नहीं रहे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, पण मी मघाशी म्हटलं तसं, माणूस चांगला आणि फार शिस्तीचा. त्यांनी माझ्याकडून कोरा तक्ता मागून घेतला आणि स्वतः भरला. वादाचा विषय: भिवापूरची पेन्शन. वाद कोणी सुरू केला: बडे बाबू. स्त्री चिडली काय, हा रकाना त्यांनी थोडा विचार करून खोडला. शेरा: समाधानकारक. खाली स्वतः सही केली आणि दुसरी माझी घेतली. भांडण कोणाशी झालं पाहिजे हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि तो मीच आखला होता. त्याच हातानं त्यांनी दुसरा हुकूम लिहिला, की वरिष्ठांपुढे आवाज चढवल्याबद्दल बडे बाबूंना खिडकीवरून काढून अंगणापलीकडच्या दफ्तरखान्यात पाठवावं. भिवापूरची मनीऑर्डर त्याच आठवड्यात मागच्या हप्त्यांसकट गेली, आणि बाबू कांदा घेऊन जुन्या कागदांच्या खोलीत गेले. साहेबांची बदली झाल्यावर तक्ताही बंद पडला.

पुढच्या माघात खिडकीवर मी होतो. ती आली, कमरेला पुरचुंडी. गजांतून आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "थे बाबू कुठी गेले?"

मी म्हटलं, दफ्तरखान्यात असतात, तिकडे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. बाई, मिरची गोड झाली म्हणतात, असं मी आपलं चाचरत म्हणून पाहिलं. तिनं माझी कीव केली असावी. खिडकी सोडून ती सरळ अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दफ्तरखान्याकडे तोंड करून ओरडली, "कोण म्हणते गा मिरची गोड झाली म्हणून?"

मग पलीकडच्या गजांशी एक बंद गळ्याचा कोट आला. "मी म्हणतो," तिकडून आवाज आला. "गुळासारखी." आणि अंगणाच्या आरपार ते दोघं सुरू झाले. पट्टेवाला अडवायला निघाला होता, त्याला मी हात करून थांबवलं. मी दौतीचं झाकण लावून ठेवलं आणि ऐकत बसलो.

ती परत आली तेव्हा घामाघूम झाली होती आणि खुशीत होती. "घे गा, कुठी लावू अंगठा?" मी रजिस्टर पुढे केलं, तिनं लावला. पदर सावरून ती निघाली आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा खिडकीशी आली.

"थे बाबू आता घरी बसतीन म्हणे."

"हो. पुढच्या महिन्यात."

"मंग त्याइलेबी पिनशन भेटन. त्याइलेबी इथं हजेरीले या लागन?"

"लागेल."

"त्या दिवशी मले कारड टाकजो," ती म्हणाली. "मी येईन. तुमच्यात त्याइले वळखणारं कोणी हाय, असं मले नाई वाटत."